शाई फुटते तेव्हा

यंदाच्या पाडव्याला माझ्या नातवाने पुण्याहून मला एक फाउंटन पेन पाठविले. जर्मन बनावटीचे, काळेभोर, हातात घेताच वजन जाणवावे असे. सोबत निळ्या शाईची बाटली. पोच म्हणून त्याच पेनाने त्याला पत्र लिहावे असे मनात योजून मी घरातली वही ओढली आणि ‘अनेक आशीर्वाद’ एवढे दोन शब्द लिहून थांबले. प्रत्येक अक्षराला सुरवंटासारखी लव फुटली होती. ‘आशीर्वाद’ या शब्दातील वेलांटी, रफार आणि वरची रेघ ही तिन्ही एकमेकांत विरघळून तेथे एक निळा ढग जमला होता. पान उलटून पाहिले तर तेच दोन शब्द पाठीमागे उलटे उमटलेले.

नातवाचा यात दोष नाही. त्याने दुकानातल्या गुळगुळीत कागदावर पेन चालवून पाहिले असेल. माझी वही बालाघाटच्या बाजारात डझनाच्या भावाने मिळणारी. त्या दोघांची सोयरीक जुळणारी नव्हती, एवढेच. शाई फुटणे हा प्रकार मला नवाही नाही. १९७८ साली याच गोष्टीपायी माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. पेन, शाई आणि कागद यांच्याकडे मी डोळे उघडून पाहू लागले ते तेव्हापासून.

माझे माहेर भंडाऱ्याचे. लग्न होऊन वैनगंगेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मी बालाघाटास आले. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती आणि दोहोंची राजधानी नागपूर होती. नंतर भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होते तेच आमच्याकडेही होते: स्वयंपाकघरात, देवघरात आणि पत्रांत मराठी, शाळा, कचेरी व बाजार यांत हिंदी. लिपी एकच असल्यामुळे हाताला मात्र हा फरक कधी जाणवला नाही. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, कचेरीच्या नक्कल विभागातून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांच्या कागदांच्या बरहुकूम प्रती लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी एका शाळेत आठवीच्या वर्गाला हिंदी शिकवीत होते.

त्या वर्षी माझ्या वर्गात बैहरकडच्या एका खेड्यातला मुलगा होता. वसतिगृहात राही. वडील बांबू-कटाईच्या मजुरीवर जात. मुलगा अबोल; पण निबंधाला बसला की त्याचे शब्द आपोआप येत, आणि ते त्याचे स्वतःचे असत. त्याच्या वह्या मात्र पाहवत नसत. आषाढ लागला तसे त्याचे अक्षर अधिकच गिचमिड झाले, आणि पुढे श्रावणात त्याने एक नवाच प्रकार आरंभिला. अक्षरांवर रेघ देणेच त्याने सोडून दिले. ओळीच्या ओळी बोडक्या! मी पहिल्यांदा ताकीद दिली. दुसऱ्यांदा सगळा धडा पुन्हा लिहावयास लावला. तिमाही परीक्षेत त्याने पुन्हा तेच केले, तेव्हा निबंधाच्या वीस गुणांतून पाच गुण मी अस्वच्छतेसाठी कापले आणि लाल शाईने ‘लापरवाही’ असा शेरा मारला. तो उभा राहून खालच्या मानेने एवढेच म्हणाला, “बहनजी, लकीर से बिगड़ जाता है।”

मला ती सबब वाटली. ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’ ही म्हण मी साऱ्या वर्गासमोर त्याला ऐकविली. वर्ग हसला. शिक्षिकेला वर्गाचे हसणे फार सोयीचे असते.

त्याच आठवड्यात मी वह्यांचा गठ्ठा तपासावयास घरी आणला होता. दुसऱ्याचे अक्षर पाहण्याचा मामंजींना नाद होता. मी पोळ्या करीत असता त्यांनी ती वही उचलली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिली. मग विचारले, “सूनबाई, या मुलाने रेघ सोडली ती कधीपासून, पाहिलेस का?”

“आळस चढला तेव्हापासून,” मी म्हणाले.

“पाऊस लागला तेव्हापासून,” मामंजी म्हणाले. “तारखा पाहा.”

त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि वहीच्या कोऱ्या कोपऱ्यावर टेकवला. क्षणात ओल पाठीमागे आली. मग माझ्या तपासणीच्या वहीवर त्यांनी तसेच केले. तेथे अंगठ्याचा ठसा वरच राहिला आणि वाळून गेला. “हा कागद नाही, टीपकागद आहे,” ते म्हणाले. “मुलाने लिहून लिहून शोध लावला आहे, आणि तू त्याचे गुण कापलेस.”

वाचकांपैकी ज्यांनी शाळेत टीपकागद वापरला आहे त्यांना हे चटकन कळेल. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची लगदा करून वाळविलेली चादर. तंतूंच्या मधल्या बारीक वाटांनी पाणी चढते, जसे दिव्याच्या वातीत तेल चढते. हे चढणे थांबावे म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी कागद हाताने होत असे, तेव्हा त्याला पिठाची खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. युरोपात १८०७ साली मोरित्स इलिग नावाच्या जर्मन कारागिराने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे यंत्रावरचा कागद तसा होऊ लागला. टीपकागदात ही खळ मुळीच नसते. स्वस्त वहीत ती नावापुरती असते, आणि तंतूही आखूड, रद्दीतून वा गवतातून आलेले. १९७३-७४ ची कागदटंचाई ज्यांना आठवते त्यांना त्या काळच्या वह्याही आठवत असतील. विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या दराचा कागद सरकारने देवविला खरा. पण खेड्याच्या आठवडी बाजारात जी वही मिळे ती पिवळट, खरखरीत आणि मध्येच काडीचा तुकडा दिसावा अशीच असे. बालाघाटच्या जंगलातला बांबू कागदगिरण्यांकडे जात होता. त्याचा तंतू चांगला लांब आणि त्याचा कागदही चांगला होतो. तो बांबू तोडणाऱ्याच्या मुलाच्या हाती मात्र ही वही होती. पावसाळ्यात तर कागद हवेतलीच ओल पिऊन बसलेला असतो, त्यामुळे शाईला रस्ता आयताच मोकळा मिळतो.

हे झाले कागदाचे. पण मामंजींनी त्या संध्याकाळी सांगितलेली दुसरी गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. इंग्रजी अक्षरे एकेकटी किंवा हातात हात घालून उभी असतात. आपली अक्षरे दोरीवर वाळत घातल्यासारखी रेघेला टांगलेली असतात. आपण शाळेत शिकवितो ते असे की आधी शब्द लिहावा आणि मग वर रेघ द्यावी. म्हणजे अक्षरांचे माथे अजून ओले असतानाच त्यांवरून दुसऱ्यांदा निब फिरते. त्या जागी शाई दुप्पट होते, आणि काना, मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार हा सारा परिवार नेमका तेथेच दाटीवाटीने बसलेला. चांगल्या कागदावर हे खपून जाते. वाईट कागदावर आधी अनुस्वार बुडतो, मग मात्रा. हिंदी वा मराठीत अनुस्वार बुडाला तर एकवचनाचे अनेकवचन ओळखू येत नाही. त्या मुलाने रेघ टाकली आणि मात्रा वाचविल्या. रेघेविना शब्द वाचता येतो, मात्रेविना येत नाही, हा हिशेब त्याने केला होता.

“मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ मारून घेत,” मामंजी म्हणाले, “आणि तिला अक्षरे टांगीत. अक्षर येईपर्यंत रेघ वाळलेली असे.” त्यांच्याजवळ घराण्यातले दोन-चार मोडी कागद होते. काजळाची शाई, घोटलेला कागद; वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण अक्षराला कोठे लव नव्हती.

मला रात्री झोप लागली नाही. अंगण खरोखरच वाकडे होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तो मुलगा गावी गेल्याचे कळले. आधी दसऱ्याची सुट्टी, मग दिवाळी, मग धानाची कापणी. तिकडची मुले त्या दिवसांत अशी जात, आणि काही परत येत नसत. वही माझ्याकडेच राहिली होती. तो येईल तेव्हा ‘चूक माझी होती’ एवढे म्हणून भागणार नव्हते. त्याच वह्या, तोच बाजार. त्या कागदावर रेघेसकट लिहिता येईल असे काही त्याच्या हातात द्यावयास हवे होते.

मामंजींनी प्रथम कागदच सुधारून पाहिला. भाताची पातळ पेज फडक्याने गाळून त्यांनी एका पानावर हात फिरविला, पान सावलीत वाळविले आणि मोठ्या कवडीने घोटले. पेजेला आमच्याकडे काय तोटा? पुढे २०२१ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले तो चिन्नोर तांदूळ या जिल्ह्याचाच. पण खळीला साधा जाडा तांदूळच बरा, असे ते म्हणाले. त्या पानावर शाई जागच्या जागी राहिली. पान मात्र पापडासारखे वाकडे झाले. ऐंशी पानांची वही अशी घोटावयास बसलो असतो तर मुलाचे वर्ष संपले असते.

मग एका रविवारी आम्ही चार पेने आणि चार तऱ्हांच्या शाया घेऊन बसलो, आणि त्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर एकच वाक्य पुन्हापुन्हा लिहिले. वाक्य मामंजींनी मुद्दाम अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांनी ठासून भरले होते. माझे स्वतःचे पेन, लग्नात आलेले, जाड निबेचे आणि सढळ वाहणारे, सगळ्यांत वाईट ठरले. चांगले पेन ते की जे लोण्यासारखे चालते, अशी माझी समजूत होती. वाईट कागदावर नेमके उलटे आहे. तेथे पेन कृपण हवे. त्या काळी चीनचे ‘हीरो’ पेन लोकांकडे असे. त्याची निब बारीक आणि जवळजवळ झाकलेली. मामंजींच्या भाच्याचे तसले एक पेन होते, ते सर्वांत बरे निघाले. बाजारातले साधे देशी पेनही मामंजींनी वठणीवर आणले. निबेच्या दोन फाकांमधली चीर त्यांनी नखाने अगदी हलके दाबून जवळ आणली, त्यामुळे शाई कमी येऊ लागली. कागदावर ते थोडे खरखरे. पण रेघ सुतासारखी. मग ती थोडी फुटली तरी अनुस्वारापर्यंत पोचत नसे.

शाईचे तर मला फारच अज्ञान होते. निळी शाई म्हणजे निळी शाई. घरी कॅमल, कधी सुलेखा, कधी चेलपार्क, जी मिळेल ती येई. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाच्या शाईच्या पुडीपासून आणि वड्यांपासून कॅम्लिनचा धंदा उभा केला, हे आपल्यापैकी अनेकांना अभिमानाने ठाऊक असते. पण बाटलीवरचे बारीक अक्षर कोणी वाचीत नाही. कोणत्या कंपनीची यापेक्षा कोणत्या जातीची, हे पाहावयाचे असते. धुता येणारी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी जिकडे जाते तिकडे रंगही जातो. ती दिसावयास सुंदर आणि आमच्या कामाला कुचकामी. वसतिगृहातली मुले वडीची शाई पुरावी म्हणून दुप्पट पाण्यात कालवीत, ती तर भिजल्या भिंतीसारखी पसरली. काळी त्या मानाने बरी. टिकली ती निळी-काळी, जिला बाजारात ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणतात, आणि तीही खरी लोहाची असेल तर.

ही शाई म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हिरडा आणि हिराकस यांच्या शाईची नात. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह एकत्र आले की हवेत काळे पडतात. लिहिताना फिकट निळी दिसते, तासाभरात गडद होते, आणि तंतूंतच न विरघळणारा काळा कण धरून बसते. मग पाणी पडले तरी अक्षर राहते. भारतीय मानक संस्थेनेही लोह-टॅनिनच्या फाउंटन पेन शाईसाठी २२० क्रमांकाचे वेगळे मानक ठेविले आहे, आणि त्यात लोहाचे प्रमाण ०.१ टक्के धरलेले आहे. इंग्लंडात जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी निबंधकांची म्हणून जी खास शाई असे तीही याच कुळातली. हिचे दुर्गुणही आहेत. ती आंबट असते, म्हणून पोलादी निबेला गंज चढविते. पेन पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुतले नाही तर आत गाळ धरते. पण ज्याची वही टीपकागदाची आहे त्याला हा व्याप परवडतो. गंमत अशी की हिरडा, ज्याला तिकडे हर्रा म्हणतात, तो बैहरच्या जंगलात पोती भरभरून गोळा होतो. त्या मुलाने तो किती वेळा वेचला असेल!

मुलगा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आला. मी वर्गासमोर म्हण ऐकविली होती, म्हणून वर्गासमोरच सांगितले की चूक माझी होती, कागद वाईट आहे हे याला कळले होते आणि मला कळले नव्हते. कापलेले पाच गुण पत्रकात पुन्हा चढविले. त्यासाठी मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागली आणि कारण लिहून द्यावे लागले. ‘कागदावर शाई फुटत असल्यामुळे’ असे कारण मी लिहिले. ते वाचून त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग त्या मुलाला ते चीर दाबलेले देशी पेन आणि निळ्या-काळ्या शाईची दौत दिली. त्याने पेन उघडले, निब पाहिली, वहीवर एक उभी रेघ ओढून ती फुटते का हे जवळून पाहिले, आणि विचारले, “बहनजी, अब लकीर खींचूँ?”

वर्गात कोणी हसले नाही. मी म्हणाले, खींचो. पण पहले पूरी लकीर, फिर अक्षर. मामंजींची मोडीची रीत त्या वर्षी आठवीच्या वर्गात हिंदीला लागू झाली. निरीक्षक आले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे! मुलगा वार्षिक परीक्षेत पास झाला आणि पुढे आपल्या गावाजवळच्या शाळेत गेला. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वर्गातून फाउंटन पेन हळूहळू नाहीसे झाले आणि बॉलपेन आले. आमच्या पिढीचे पुष्कळ लोक त्याबद्दल हळहळतात, मुलांचे अक्षर बिघडले म्हणतात. मी त्या हळहळीत सामील होत नाही. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट. ती पाण्यासारखी वातीत चढत नाही. आठवडी बाजारातल्या वहीवर ती फुटत नाही. तो मुलगा दहा वर्षांनी जन्मला असता तर त्याला रेघ सोडावी लागली नसती, आणि मलाही अक्कल शिकण्याची वेळ आली नसती. अक्षराचे सौंदर्य मला प्रिय आहे. पण ज्यांनी कागदाचा दोष हातावर घेतला त्यांची आठवण मला अधिक वेळा येते.

मी स्वतः मात्र फाउंटन पेन सोडले नाही. माहेरी आणि नात्यागोत्यात मराठी पत्र लिहावयाचे ते शाईनेच, असा एक हट्ट राहिला. भंडाऱ्याला माझ्या पत्रांची वाट पाहणारी धाकटी बहीण आहे. तिला फोनही करते आणि पत्रही लिहिते. त्यामुळे आजही दुकानात वही घेताना मी मामंजींचा ओला अंगठा टेकविते. दुकानदाराला आवडत नाही. हल्ली वहीवर जीएसएमचा आकडा छापतात, आणि तो मोठा असला की गिऱ्हाईक खूश होते. पण तो आकडा कागदाचे वजन सांगतो, खळ सांगत नाही. जाड कागदही खुशाल फुटतो. पेन घेताना जपानी घ्यावे, कारण त्यांची बारीक निब युरोपातल्या बारीक निबेहूनही एक पायरी बारीक असते. ते परवडत नसेल तर देशी साधे पेन घेऊन निबेची चीर दाबावी, पण एकदाच आणि हलके. लोहाची निळी-काळी शाई अजून मिळते. जपानच्या प्लॅटिनमची आणि जर्मनीच्या पेलिकनची त्या जातीची आहे. सुलेखा मधली बरीच वर्षे बंद होती, ती २०२० मध्ये पुन्हा आली तेव्हा मी एक बाटली केवळ जुन्या ओळखीखातर मागविली. पावसाळ्यात वही पत्र्याच्या पेटीत ठेवावी, आणि लिहिताना हाताखाली एक जादा कागद घ्यावा, म्हणजे घाम पानाला लागत नाही.

नातवाला पोच शेवटी माझ्या जुन्याच पेनाने गेली. त्यात त्याच्या पेनाची निंदा केली नाही. त्या पेनालाही काम शोधावयास हवे होते, म्हणून घरातले सगळे कागद मी एक दुपार अंगठ्याने तपासले: दुधाचा हिशेब, विजेचे बिल, औषधांच्या चिठ्ठ्या. कोणीच टिकेना. अखेर लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याची जाड निब अशी झोकात चालली की एकही मात्रा बुडाली नाही. यंदाच्या लग्नसराईत आलेल्या पत्रिकांपैकी तीन अजून शिल्लक आहेत. बहिणीला पुढचे पत्र त्यांतल्या एकीवर जाईल.